परार्धाहून एक जास्त

...तर मावशींनी चिमटा उचलला आणि गवंडी टेबलावरून ओरडला, "थांबा! दहा कोटी!" काल आपण इथवर आलो होतो. पण काल दोघे-तिघे चहा संपताच उठून गेले, त्यांना नुसत्या दहा कोटींचा काय बोध होणार? तेव्हा चार पावलं मागून येऊ.

गवंडी चाळिशीचा, अंगानं काटक आणि स्वभावानं कटकट्या. दुसऱ्यानं बांधलेल्या भिंतीत खोट काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. एका बांधकामावर हौदात कळीचा चुना विझत घातला होता, रटरट उकळत होता. वरून आडवी टाकलेली फळी सटकली आणि ह्याचा डावा पाय पोटरीपर्यंत आत गेला. सोबत्यांनी ओढून काढला, तासभर नळाखाली धरला, म्हणून पाय राहिला. कातडी मात्र गेली.

डॉक्टर म्हणाले, "जखम भरेल. दोन महिने दिवसाआड ड्रेसिंग, आणि घरी रोज पाय ताणायचा. नाही ताणलात तर नवी कातडी आखडेल, टाच जमिनीला टेकणार नाही. मग परांची विसरा."

परांची म्हणजे बांधकामाला लावलेले बांबू आणि फळ्या. गवंड्याला परांची विसर म्हणणं म्हणजे माशाला पाणी विसर म्हणण्यासारखंच. हा छाती काढून म्हणाला, "ताणतो की!" म्हणायला काय जातं! पहिल्या ड्रेसिंगला असा ओरडला की बाहेर रांगेत बसलेले दोघे पेशंट घरी निघून गेले. दुसऱ्या वेळी टेबलाची कड इतकी घट्ट धरली की बोटं सोडवायला बायको लागली. तिसऱ्या खेपेला दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारली.

"पाय गेला तर जाऊ दे," बायकोला म्हणाला, "मी आत जात नाही."

"छान! घरी बसून माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत खोट काढा आयुष्यभर," बायको म्हणाली. पण डोळे भरले होते तिचे.

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. व्हरांड्याच्या टोकाला ड्रेसिंगची खोली, आणि त्या खोलीत एकतीस वर्षं ह्या मावशी. आल्या तेव्हा फरशी पुसायला आल्या होत्या. पुसता पुसता जुन्या ड्रेसरचे हात बघत राहिल्या, आणि तो निवृत्त झाला तेव्हा चिमटा त्यांच्या हातात आला. साबणानं धुऊन धुऊन बोटांना भेगा पडलेल्या, कात्री एप्रनला नाडीनं बांधलेली. त्यांचा एक नेम होता: सुकी पट्टी ओढायची नाही, सलाईननं भिजवून वाट बघायची. स्टोअरकीपर वैतागायचा, "मावशी, तुमच्या खोलीत सलाईन पितात की काय?" त्या म्हणायच्या, "पितात हो, जखमा पितात. काढा अजून दोन बाटल्या."

तर मावशी पायरीवर गवंड्याशेजारी येऊन बसल्या. पायाचं नाव नाही, पट्टीचं नाव नाही. म्हणाल्या, "काय हो गवंडी, मोठ्यात मोठा आकडा कुठला येतो तुम्हाला?"

"म्हणजे?"

"मी एक सांगणार, तुम्ही त्याहून मोठा सांगायचा. अडला तो हरला. भिताय का?"

आता भिताय का म्हटल्यावर कुठला गवंडी पायरीवर बसून राहील?

टेबलावर आडवा होतो न होतो तोच मावशी म्हणाल्या, "हजार." हा म्हणाला, "लाख." "दहा लाख." "कोटी." मग मावशींनी चिमटा उचलला आणि हा ओरडला, "थांबा! दहा कोटी!" मावशी थांबल्या, शांतपणे म्हणाल्या, "अब्ज."

झालं. गवंडी अडकला. आठवतोय, छताकडे बघतोय, बोटं मोडतोय. अब्जाच्या पुढे काहीतरी होतं, शाळेत म्हटलेलं होतं, जिभेच्या टोकावर होतं. आणि बघतो तर मावशी पट्टीची गाठ मारत होत्या.

"हरलात. परवा या."

हा खेळ मावशींच्या घरातला. सहा भावंडं एका खोलीत झोपायची, आणि खिडकीखालची जागा सर्वांत मोठा आकडा सांगणाऱ्याची. मावशी शेंडेफळ, त्यामुळे रोज हरायच्या. पण हरता हरता एक गोष्ट कळली होती, की आकडा शोधताना डास चावलेला कळत नाही.

गवंडी घरी गेला तो मनात अब्जच घेऊन. बायकोला विचारलं, "अगं, अब्जाच्या पुढे काय?" बायको शाळेत शेवटच्या बाकावरची, पण एकं-दहं-शतं परार्धापर्यंत तोंडपाठ. ती सांगणार, एवढ्यात तिची नजर खुंटीवरच्या टॉवेलवर गेली. डॉक्टरांनी दाखवलं होतं: टॉवेल पंजाला अडकवायचा आणि स्वतःकडे ओढायचा. चार दिवस टॉवेल कोरडाच लटकत होता.

"दहा वेळा पाय ताणा, मग सांगते."

"आधी सांग!"

"आधी ताणा."

दात-ओठ खात दहा वेळा ताणला. बायको म्हणाली, "खर्व."

"आणि त्याच्या पुढे?"

"अजून दहा."

अशा रीतीनं निखर्व आला, महापद्म आला, शंकू आला. एकेक नाव घामानं कमावलेलं. मावशीही काही कमी नव्हत्या. ह्यानं खर्व टाकला की त्या नऊ खर्व म्हणायच्या, मग ह्याला घरी जाऊन पुढचं नाव आणावं लागायचं. महिना गेला. एका सकाळी हा खोलीत शिरला तोच मुळी राजासारखा, कुबडी बगलेत असूनही.

"परार्ध!" टेबलावर चढण्याआधीच म्हणाला. "याच्यापुढे काही नाही. बायकोला विचारा."

"दोन परार्ध," मावशी म्हणाल्या.

"परार्धाचेही दोन चालतात होय?"

"का? तुम्ही एका विटेवर दुसरी वीट ठेवत नाही?"

गवंड्यानं डोकं खाजवलं, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "मग ऐका, मावशी. तुम्ही म्हणाल त्याहून एक जास्त! आता म्हणा काय म्हणायचं ते. जन्मभर म्हणत बसा. एक जास्त!"

"जिंकलात," मावशी म्हणाल्या, आणि पट्टी भिजवायला लागल्या.

गवंडी खूश. पण त्याच्या डोक्यात शोधायला आता काहीच उरलं नव्हतं. इतके दिवस खर्व-निखर्वात भटकणारं मन रिकामं झालं, आणि रिकामं मन कुठे जाणार? सरळ खाली उतरलं आणि पायात जाऊन बसलं. पट्टीचा पहिला पदर सुटला मात्र...

"मावशी! मेलो! हरलो मी, हरलो! एक जास्त परत घेतो!"

"असा कसा परत घेता? जिंकलात ना?"

"नको मला जिंकणं! दुसरं काहीतरी सांगा, लवकर सांगा!"

मावशी हसल्या. "बरं. आता नवा नियम. नुसता आकडा चालणार नाही, कशाचा ते सांगायचं आणि हिशेबानं सांगायचं. या दवाखान्यात विटा किती?"

गवंड्यानं डोळे मिटले. व्हरांडा साठ फूट, उंची अकरा, भिंत नऊ इंची, म्हणजे चौरस फुटाला दहा विटा धरू. मग पुरुषांचा वॉर्ड, मग बायकांचा, मग औषधांची खोली. "एक लाख सत्त्याऐंशी हजार," असं म्हणेपर्यंत जखम धुऊन झाली होती. "छे, खिडक्या वजा करायच्या राहिल्या!" पुन्हा सुरुवात. दारं-खिडक्या वजा होईपर्यंत नवी पट्टी बांधून झाली.

"माझ्या ह्या जाळीच्या गुंडाळीत भोकं किती, ते सांगा आता," मावशी म्हणाल्या. "तुमच्या विटा त्यात बुडतील."

मग पुढचे आठ-दहा फेरे भोकं, वाळूचे कण आणि मावशींच्या डोक्यावरचे केस ह्यांत गेले. केसांवरून भांडण झालं, कारण गवंडी म्हणाला पांढरे वेगळे मोजायचे.

दोन महिने पुरे झाले. शेवटची पट्टी सुटली. डॉक्टर म्हणाले, "उकिडवे बसा." गवंडी भिंतीला धरून हळूहळू खाली बसला. डावी टाच जमिनीपासून एक बोट वर, मग अर्धं बोट, आणि मग टेकली. दारात उभ्या असलेल्या बायकोनं पदरात तोंड लपवलं. गवंडी तिच्याकडे बघून म्हणाला, "अगं, रडतेस काय? दहा वेळा ताणलाय तुझ्यासाठी. नाही, दहा परार्ध वेळा."

पंधरा दिवसांनी तो परांचीवर चढला. वरच्या फळीवर उभं राहिल्यावर पहिली वीट हातात घेतली आणि कुणाला ऐकू येणार नाही असं पुटपुटला, "मावशी." मगच वीट बसवली.

पण एवढ्यानं त्याचं समाधान होईना. ड्रेसिंगच्या खोलीत समोरच्या भिंतीवर, वरून तिसऱ्या ओळीत, एक टाइल वाकडी बसवलेली होती. दोन महिने टेबलावर आडवं पडून ती वाकडी टाइल बघितली होती त्यानं, आणि बसवणाऱ्याचा मनात उद्धार केला होता. तर सुट्टीच्या दिवशी थापी, सिमेंटची पिशवी आणि एक नवी टाइल घेऊन स्वारी हजर. स्टूल लावलं, डाव्या पायावर जोर देऊन वर चढला. पाय लटपटला नाही. मावशी पट्ट्या घडी करत बघत होत्या.

"मावशी," वरून म्हणाला, "तुमचे उपकार परार्धाहून एक जास्त आहेत. ते फेडता येत नाहीत. पण ही वाकडी टाइल तेवढी सरळ करून देतो."

मावशींनी हातातली घडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "उतरा खाली, गवंडी, आणि त्या टाइलला हात लावाल तर खबरदार! मोठे आकडे सगळ्यांनाच येतात असं नाही हो, पण ती टाइल बसवणाऱ्या गवंड्याला द्यायच्या शिव्या प्रत्येकाला येतात, आणि तेवढ्यात माझी अर्धी पट्टी सुटते."