रडण्यासाठी आलेलं अनुदान

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर आम्ही सात-आठ बायका एका कोपऱ्यात देठ खुडत बसायचो. सगळ्यांची पोरं मेलेलीच जन्मली होती. माझीही दोन. कोणी ठरवून बसवलं नव्हतं. घरात त्या पोराचा विषय कोणी काढू देत नाही, आणि पथारीवर सगळ्यांचेच डोळे वाहतात, त्यामुळे का रडतेस असं कोणी विचारत नाही. नवी बाई आली की सरकून जागा द्यायची. बोलली तर ऐकायचं, नाही तर मिरची आहेच.

हे कोणीतरी जिल्ह्याला कळवलं. एक मॅडम नाकाला रुमाल लावून आल्या.

"आजी, तुमचं काम फार मोठं आहे. अशा गटांना शासन अनुदान देतं."

"द्या की."

"पण दुःखी मातांना तुम्ही कामाला लावता. ते नियमात बसत नाही."

"मग काय करायचं त्यांनी?"

"मन मोकळं करायचं. खोलीत बसून. दर मंगळवारी, अकरा ते एक."

"आणि मंगळवारी रडूच आलं नाही तर?"

मॅडमनी ते लिहून घेतलं.

तेव्हा गावातली एक सून आमच्यात नुकतीच यायला लागली होती. नववा लागला आणि पोर पोटातच गेलं. घरचे म्हणायचे, विसर, दुसरं होईल. तेव्हापासून तिनं तोंडच उघडलं नव्हतं. अशी मुकी राहून झिजून मेलेली एक बाई मी पाहिली आहे. हिचं तसं होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

अनुदान मंजूर झालं. पैसे आम्ही पाहिले नाहीत, वस्तू पाहिल्या. गादीच्या खुर्च्या, पंखा, कागदी रुमालांचा डबा आणि भिंतभर बॅनर. त्यावर एक गुटगुटीत बाळ खदखदून हसत होतं. छापणाऱ्याकडे मातांसाठी तेवढंच चित्र होतं म्हणे. शेजारी मोठे साहेब, तेही हसत.

मंगळवारी बायका मजुरी बुडवून आल्या. सून दारात आली, तिनं बॅनर पाहिलं.

"ये ताई," मॅडम म्हणाल्या. "आधी एक फोटो होऊ दे, मग मन मोकळं कर."

ती आल्या पावली निघून गेली.

मी उठले. "मॅडम, हे अनुदान परत घेऊन जा."

"आजी, परत नाही घेता येत. खर्ची पडलंय."

"कशावर?"

"आता बसला होतात ना, त्यावर."

मी पोरीच्या मागे निघाले. माझे गुडघे काही सरकारी नियमानं चालत नाहीत, तरी रस्त्यावर तिला गाठलं. समजूत घालणं मला जमत नाही. सरळ विचारलं, "पोर दिसाले कसं व्हतं?"

हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. ती थांबली.

"नाक मन्हासारखंच व्हतं, माय."

"बरं शे. तुन्हा नवरानं ते भलतंच मोठं शे."

ती हसली, आणि हसता हसता रस्त्यातच खाली बसून ओरडून रडायला लागली. मीही बसले. मग तिनं केसांचं सांगितलं, बोटांचं सांगितलं. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. मी त्याला हातानंच सांगितलं, बाजूनं जा.