नोरीनची बंदूक आणि माझा दहीभात

परवा शनिवारी सकाळी मी आयर्लंडमध्ये, किलकेनी गावाबाहेर, आमच्या शेजारणीच्या शेतात, घोट्यापर्यंत चिखलात, कागद ताणून खांबांना चिकटवत होते. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज चालला होता. डोळे उघडे होते इतकंच, बाकी माणूस म्हणून मी संपलेलेच होते...

शेजारीण म्हणजे नोरीन. सत्तरीची, एकटी, मेंढ्या पाळते. सध्या कोकरं जन्मायचे दिवस, आणि इथले करडे कावळे नुकत्याच जन्मलेल्या कोकरांचे डोळे टोचून काढतात. तिने ते सकाळी उठून स्वतः बघितलंय हो.

म्हणून तिने नवऱ्याची शॉटगन बाहेर काढली. नवरा गेल्यावर लायसन्स तिने स्वतःच्या नावावर करून घेतलंय. पण कावळ्यावर झाडायच्या आधी बंदूक कागदावर तपासायची, हा तिचा नियम. या बंदुकीतून एक गोळी नाही, मूठभर छर्रे सुटतात. ते नीट पसरले नाहीत तर पक्षी मरत नाही, नुसता जखमी होऊन कुठेतरी तडफडत राहतो. "मारायचं तर स्वच्छ मारायचं, लव्ह," एवढंच म्हणाली.

कागद माझा. मुलांच्या वह्यांना घालायला नागपूरहून आणलेला खाकी रोल! इथल्या शाळेत वह्यांना कव्हरं कोणी घालत नाही, तो तसाच पडून होता. दोऱ्याला मार्कर बांधून मी रांगोळीला काढतो तसं मोठं गोल वर्तुळ काढलं. नोरीन खूश.

मग सुरू झाली वरात... मी कागद लावायचा, तिच्या मागे येऊन कान दाबून उभं राहायचं, धडाम्, परत चालत जायचं. पहिल्या कागदावर सगळे छर्रे एका कोपऱ्यात गोळा आणि मधोमध कागद कोराच. दुसऱ्यावरही तेच. वर पावसाची पिरपिर, कागदाचा लगदा, तिचा खांदा दुखायला लागलेला आणि माझी कंबर. एका क्षणी वाटलं, जाऊ दे बाई, घरी जाऊन झोपावं.

नळीच्या तोंडाशी चोक नावाचा एक छोटा तुकडा असतो, छर्रे किती पसरायचे ते तो ठरवतो. नवऱ्याने बसवलेला चोक फारच आवळ होता. तिला तो काढवत नव्हता, हे मला दिसत होतं... शेवटी उसासा टाकून तिने काढला, दुसरा लावला, काडतुसंही बदलली. धडाम्. मी जाऊन बघते तर वर्तुळभर छर्रे, शेवभाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसे, कुठे मोकळी जागा नाही.

"ग्रँड!" नोरीन म्हणाली. आणि आमच्या घराच्या कुंपणाच्या भिंतीकडे हात केला. "आता उद्या पहाटे तिथे दबा धरून बसते. महिनाभर सगळे कावळे तिथेच जमतायत. काय मिळतं त्यांना कोण जाणे."

काय मिळतं ते मला माहीत होतं. दहीभात.

गेल्या महिन्यात बाबा गेले. माझं इथल्या राहण्याच्या परवान्याचं कार्ड रिन्यूअलला होतं, देशाबाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं. दहावा व्हिडिओ कॉलवर बघितला. पिंडाला कावळा शिवेना. भाऊ हात जोडून म्हणाला, आईला सांभाळतो, घर सांभाळतो... तरी शिवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. पण माझ्या मनात पक्कं बसलं, बाबांचा जीव माझ्यात अडकलाय.

दुसऱ्या दिवशी इथे भिंतीवर दहीभात ठेवला, आणि लगेच कावळा आला. काय रडले मी त्या दिवशी! तेव्हापासून रोज ठेवत होते. भिंतीपलीकडे कोकरं आहेत, हे डोक्यातच आलं नाही.

सगळं नोरीनला सांगितलं, तुटक तुटक इंग्लिशमध्ये, नाक पुसत. तिला राग येईल वाटलं. येऊ शकला असता, तिची कोकरं गेली होती. तिने बंदूक मधून उघडून काडतुसं काढली आणि खिशात टाकली. मग विचारलं, "जेवले का तुझे बाबा पोटभर?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मग आता घरी जायला सांग त्यांना. सोमवारपर्यंत मी थांबते."

रविवारी दहीभात ठेवला नाही. कुकरचा डबा आणि चमचा घेऊन दिवसभर तिच्या शेतात बसले, कोकरांपाशी. लहानपणी बाबांबरोबर ज्वारीची राखण करायला जायचे तेव्हा ते असाच डबा वाजवायचे. पण लगेच नाही. पाखरांना आधी चार दाणे खाऊ द्यायचे, मगच.

कावळे आले, रिकाम्या भिंतीवर बसले, माझ्याकडे बघत राहिले. मी उठले, डबा बडवला आणि ओरडले, "खाल्लं नं पोटभर? मंग उडा आता!"

अगदी बाबांचाच आवाज निघाला गळ्यातून.

सगळे उडाले. त्या दिवशी एकाही कोकराला काही झालं नाही... थँक यू, नोरीन. बाबांना निरोप द्यायला तू मला एक दिवस दिलास.