पंख बघणारी आक्का

दाजींचा फोन आला तेव्हा मी शाळेला निघाले होते. "मालन, तुझी आक्का गेली बघ," एवढंच ते बोलले. आदल्याच रविवारी कळंब्याला जाऊन मी तिच्या हातची भाकरी खाऊन आले होते; आवाज तसाच खणखणीत होता तिचा… आता दीड महिना होत आला. माझ्या या थोरल्या बहिणीविषयी लिहायचं तर कोंबड्यांपासूनच सुरुवात करायला हवी.

नव्वदच्या दशकात आक्का आणि दाजींनी घरामागच्या खोलीत अंडी उबवायचं मशीन बसवलं. मशीन दाजींचं, पिल्लं आक्काची. गावोगावच्या बायका पिल्लं न्यायच्या ती अंड्यांसाठी, म्हणजे त्यांना माद्याच हव्या असायच्या. एक दिवसाचं पिल्लू हातात घेऊन आक्का त्याचा पंख बोटांनी पसरायची. पिसांच्या दोन ओळी दिसतात. एक लांब, एक आखूड असली तर मादी, दोन्ही सारख्या असल्या तर नर. हे ती एका शिबिरात शिकली होती, आणि तिला दुसऱ्यांदा बघावं लागायचं नाही.

एकदा नेहमीची अंडी मिळेनात, म्हणून दाजींनी दुसरीकडून आणली. आक्कानं पिल्लं निवडली, गारगोटीजवळच्या एका गावातल्या बायकांनी नेली. काही महिन्यांनी निरोप आला, निम्मी आरवायला लागलीत. पंखाची ती खूण ठरावीक जातीतच खरी ठरते, आणि ही जात वेगळी होती. दाजी म्हणाले, विकलं की आपला संबंध संपला. आक्का वाद घालत बसली नाही. घरच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या, तिनं डालग्यांत भरल्या, टेंपो सांगितला आणि मला सोबत घेऊन निघाली.

समाजमंदिरापुढं बायका जमल्या होत्या, चिडलेल्या. डालगी उतरायच्या आधीच आक्का म्हणाली, "चूक माझी हाय. मी पंख बघितला, जात बघितली न्हाय." मग खाली बसून तिनं एकेक पक्षी मांडीवर घेतला. त्या वयात मानेवरची आणि पाठीवरची पिसं सगळं सांगतात. नराची लांब, टोकदार, मादीची गोलसर. नर निघाला की ती बदली तलंग द्यायची. एका म्हातारीनं मात्र आपला कोंबडा छातीशी धरला. "ह्यो मी न्हाय द्यायची. माझ्या मागनं फिरतोय त्यो." आक्कानं तिला तलंगही दिली आणि कोंबडाही ठेवून घ्यायला सांगितलं.

परतताना मी विचारलं, लाज नाही वाटली एवढ्या बायकांपुढं?

"चुकल्याची वाटली की. सांगायची कशाला वाटंल?"

त्यानंतर जात ठाऊक नसलेली पिल्लं कुणी पुढं केली, तर यातलं मला कळत नाही, असं ती ताठ मानेनं सांगायची. त्या गावच्या बायका पुढं वर्षानुवर्षं तिच्याकडंच येत राहिल्या.

परवा कळंब्याला गेले. निवडीच्या टेबलाशी आता सून बसते, आक्कानंच तयार केलेली. आक्का डावरी होती, म्हणून माद्यांचा खोका डावीकडं. सून उजव्या हाताची. प्रत्येक मादीला हात आडवा घालून न्यावं लागतं. मी म्हटलं, खोका इकडं घे की.

"आत्तींनी असंच शिकवलंय," ती मान वर न करता म्हणाली. पुढच्या पिल्लाचा पंख तिनं उघडला, क्षणभर बघितला, आणि हात आडवा घालून त्याला डावीकडं ठेवलं.