टॅबसाठी मीच वायफाय झालो

सकाळपासून लिहू लिहू म्हणलो, पण शेजारच्या टपरीवरचं भांडण ऐकण्यात दुपार झाली.

बहिणीच्या क्लाससाठी लातुरात टॅब घेतला. तिच्या हॉस्टेलात सिमवालं काही ठेवू देत न्हाईत, म्हणून बिनसिमचा घेतला. स्टोरेज भरपूर, कव्हर झकास. हॉस्टेलात वायफाय हाय का, तेवढं विचारायचं राहिलं.

उद्या तिची टेस्ट. म्हणून मी तिच्या खिडकीखाली मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बसलोय. स्टोरेज मोठं, त्यामुळं ती सगळ्याच विषयांची लेक्चरं उतरवून राहिली. जरा उठलो की वरून आवाज येतो, "दादा, हलू नको, फिजिक्स अर्ध्यात हाय."

आमच्या गावी, लोह्यात, मी घटकाभर एका जागी बसत न्हाई. तुम्हाला कुणी असं बांधून ठेवलंय का?

थांबा, रेक्टरबाई खाली आल्यात. वाटलं, हाकलतील. पासवर्ड मागून राहिल्यात.