ब्रेकचा कोड

मांजरी गावातल्या आमच्या बस डेपोत एक बाई दिवसभर स्क्रीनसमोर बसतात. आयटीवाल्यांना ने-आण करणाऱ्या आमच्या एखाद्या बसमध्ये काही बिघडलं, की त्याचा फॉल्ट कोड त्यांच्या स्क्रीनवर उमटतो. आम्हा ड्रायव्हरांना बाई तो कोड कधीच सांगत नाहीत. "अहो, पेडल दाबल्यावर पायाला कसं लागतं?" एवढंच विचारतात आणि मग गप्प राहतात. त्या गप्प बसण्याने माणूस नको तेवढं बोलून जातो.

एका सकाळी माझ्या बसचा ब्रेकचा कोड आला. बस आयटीवाल्यांनी भरलेली होती आणि डेपोतून निघणारच होती. पेडल ठीक आहे, असं मी फोनवर सांगितलं. तरी बाई खाली आल्या आणि बससमोर उभ्या राहिल्या.

"बाई, कंपनीतून फोनवर फोन येतायत!" सुपरवायझर ओरडले.

"सांगा त्यांना, मी थांबवलीय."

दुसरी बस येईपर्यंत लोक तासभर ताटकळले. मेकॅनिकने चाकं उघडून पाहिली. ब्रेक उत्तम होते. सेन्सरची वायर तेवढी उंदराने कुरतडली होती. सगळे हसले. मीही हसलो. बाईंनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'ब्रेक ठीक. गाडी मी थांबवली,' आणि खाली सही केली.

आठवड्याभरात दुसऱ्या एका बसचा तोच कोड आला. बाई लगेच खाली उतरल्या.

"आणि पुन्हा उंदीरच निघाला तर?" सुपरवायझरांनी विचारलं.

"तर पुन्हा हसा," बाई म्हणाल्या आणि बससमोरून हलल्या नाहीत.