साडूंच्या टाकीतलं शेवाळ

आमच्या साडूंना कशाची लाज वाटली, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. मी तर पंचवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून वाट बघतोय. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. राहायला विश्रांतवाडीला, आणि नोकरी आयुष्यभर मांजरीकडच्या एका प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्याची. रस तपासून तपासून माणूसही गोड झालाय, असं आमच्या सासूबाई म्हणतात. मी बँकेत होतो. त्याबद्दल त्या काही म्हणत नाहीत. दिवाळीला मी रांगेत उभं राहून आणलेली मिठाई डब्यात तशीच राहते आणि साडूंनी स्वतः तळलेले शंकरपाळे हातोहात संपतात, कारण ताटली पुढे करतानाच ते सांगतात, "करपलेत हं. पहिला घाणा तर फेकूनच दिला." लोक हसतात आणि खातात. बारशाला गाणं म्हणायला बसले आणि मध्येच विसरले, तर "पुढचं येत नाही" म्हणून सरळ उठतात, आणि टाळ्या त्यांनाच. माणसाने चुकावं आणि वर लाडकंही व्हावं, हा कुठला न्याय? मी एकही चूक न करता कुणाचा लाडका झालो नाही. माझ्या पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचं मनावर घेतलं. चार फुटी काचेची टाकी आणली, तळाला वाळू, खाचाखोचांचे दगड, आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. दुकानदाराने बजावलं होतं की नळाचं पाणी नको, आरओचं घ्या आणि त्यात माशांचं मीठ कालवा. हा साडूंना पुण्याच्या पाण्याचा अपमान वाटला. "अहो, चाळीस वर्षं मी हेच पाणी पितोय. मला कुठे शेवाळ धरलंय?" दुकानदारही इथलाच. "मग तुम्ही प्या," तो म्हणाला. "माशांना नका देऊ." साडूंनी ऐकलं नाही; मीठ नळाच्याच पाण्यात कालवलं. तीन आठवड्यांत काचेवर तपकिरी धूळ बसली, मग दगडांवर हिरवे केस उगवले, आणि पुढे पुढे तर मासे दिसायला वाकून बघावं लागायचं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. कोथरूडहून विश्रांतवाडीला मी सणावारीसुद्धा कुरकुरत जायचो; आता दर रविवारी आपण होऊन जायला लागलो. पण ज्यासाठी जात होतो ते काही घडेना. साडू खजील होण्याऐवजी "या, शेवाळ बघायला या" म्हणून लोकांना बोलवत होते. टाकीशेजारी एक जाड वही होती, तिला दोरीने पेन बांधलेलं. येईल त्याने उपाय लिहायचा. सासूबाईंनी तुरटी फिरवायला सांगितली, खालच्या मजल्यावरच्या काकांनी कडुनिंबाचा पाला सुचवला. प्रत्येक उपायाखाली साडूंचा शेरा असे: "विचाराधीन." आणि पहिल्याच पानावर, सगळ्यांना दिसेल असं, ठळक अक्षरात: "नळाचे पाणी वापरले. दुकानदार बरोबर, मी गाढव."

मग त्यांनी मुकाट्याने आरओचं पाणी आणलं, टाकीवरचा दिवा दिवसाला सहाच तास ठेवला, खाणं निम्मं केलं. शेवाळ ओसरलं. सासूबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, "जमवलंच हो यांनी शेवटी." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, असं निदान मला तरी वाटलं.

त्याच सुमारास साडू आणि ताई दहा दिवस लेकीकडे बंगळूरला गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. सूचना दोनच: दिवा सहा तास, खाणं एक दिवसाआड चिमूटभर. कशाने शेवाळ वाढतं हे मी त्यांच्याच वहीत वाचलेलं होतं. पहिल्या दिवशी मी मूठभर खाणं टाकलं, दिवा चालूच ठेवला आणि शीळ घालत घरी आलो. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. पाचव्या दिवशी पाणी पालकाच्या आमटीसारखं झालं होतं आणि मासे दिसेनात. काचेवर बोट टेकवून कितीतरी वेळ उभा राहिलो, तेव्हा कुठे दोघं हिरव्यातून वर आले आणि बोटासमोर थांबले. त्यांना वाटलं, खाणं आलं. मला त्या क्षणी स्वतःची शिसारी आली. दिवा बंद केला आणि उरलेले दिवस रोज जाऊन जुन्या ब्रशने काच घासत होतो, दगड खरवडत होतो, बादल्या भरून मिठाचं पाणी बदलत होतो. शेवाळ काही हटलं नाही.

साडू परतले तेव्हा मी वीज गेल्याची थाप तयार ठेवली होती. त्यांनी टाकी बघितली, मग माझे हात बघितले. मिठाने चिरा पडलेल्या, नखांत हिरवं.

"रोज आलात? कोथरूडहून?"

"हो."

"एवढं कोण करतं हो," ते म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात बुधवार पेठेत सासूबाईंच्या घरी, सगळ्या सासुरवाडीसमोर, ही कथा त्यांनी रंगवून सांगितली. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जावई असावा तर असा." पंचवीस वर्षं मला हेच एक वाक्य ऐकायचं होतं. ऐकलं, आणि हातातली श्रीखंडाची वाटी तशीच खाली ठेवली.

टाकी आता स्वच्छ आहे. मासे मला ओळखतात, निदान माझं बोट तरी. गेल्या महिन्यात मी वही चाळत होतो, तर त्या दहा दिवसांच्या पानावर साडूंचं अक्षर दिसलं: "साडू रोज आले. शेवाळ वाढले. कारण: विचाराधीन." त्यांना कळलं होतं का, हे विचारायची माझी हिंमत नाही. पहिल्या पानावर "मी गाढव" लिहायला त्यांना फार तर अर्धं मिनिट लागलं असेल, आणि खरं सांगायचं तर मी आजही जळतो तो त्या अर्ध्या मिनिटावर. दर रविवारी मी पेन उचलतो. मग ताई चहा आणतात आणि मी ते खाली ठेवतो. त्या शेऱ्याखाली साडूंनी दोन ओळींची जागा मोकळी सोडलेली आहे.