गो आउट, कम बॅक इन

“गो आउट,” मॅडम म्हणाल्या.

मी दारातून बाहेर गेले.

“कम बॅक इन.”

आत आले.

“टर्न अराउंड.”

गोल फिरले. चौसष्ट वर्षांची बाई, पदर खोचलेला, भरल्या हॉलमध्ये स्वतःभोवती गोल फिरले.

शाळेची पालकसभा होती. पुढच्या रांगेतल्यांनी मोबाइल वर धरले होते. मागून एक पालक ओरडला, “आमचा टायगरबी एवढं ऐकतोय की!” टायगर म्हणजे त्याचं कुत्रं. ते सगळ्यांना कळलं, मलाही. हॉल हसला. मॅडमही हसल्या. मग मला म्हणाल्या, “व्हेरी गुड, मावशी. वन्स मोअर.”

मी शाळेच्या बसवरची मावशी. कसबा बावड्याच्या नव्या कॉलन्यांतली पोरं सकाळी बसमध्ये चढवायची, दुपारी उतरवायची. शाळा इंग्रजी, मी चौथीपर्यंत शिकलेली. नऊ वर्षं कुणाचं काही अडलं नाही. पत्र्यावर एक थाप मारली की ड्रायव्हर थांबतो, दोन मारल्या की निघतो. पोराचा हात धरला की पोर चढतं.

मग एका दुपारी कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर समोर अडकला आणि आमची बस मागं घ्यावी लागली. नुकतीच उतरलेली पहिलीतली एक मुलगी, बाटली पडली म्हणून बसच्या मागं जाऊन वाकली. मी पत्र्यावर थाप मारली आणि ओरडले, “ए पोरी, हो बाजूला! सर की गं!” दप्तराला धरून तिला ओढलं. बस हातभर अंतरावर थांबली.

मुलीची आई रस्त्यापलीकडं उभी होती. तिनं सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत तक्रार केली. बसवरची बाई मुलांशी गावठी बोलते, ‘ए’ म्हणते.

शाळेच्या मुख्य मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिथंच मला संशय आला.

“मावशी, तुम्ही किती हुशार आहात. आपण तुमचं छोटंसं ट्रेनिंग घेऊ या.”

माझ्याशी इतकं गोड कुणी उगाच बोलत नाही. त्यांनी एक कार्ड दिलं. इंग्रजी वाक्यं, मराठी अक्षरांत. मला वाटलं, पोरगी वाचवलेली, तेव्हा सरळ काढून टाकायची चोरी, म्हणून ही वाट शोधलेली दिसते. म्हातारीला पाठ होणार नाही, लाजून आपणच जाईल. नोकरी गेली तर सुनेच्या हाताकडं बघत बसायची वेळ माझ्यावर. म्हणून मी कार्ड घेऊन रिकाम्या बसमध्ये पाठ करत बसायची.

ड्रायव्हरमामा आरशातून बघून म्हणायचा, “मावशी, कलेक्टर हुणार हाय व्हय?”

“न्हाय बाबा. कुणाला निमित्त घावू ने म्हणून.”

त्या वाक्यांची तऱ्हा मी ओळखली. ‘गेट’ एकटा कुठं जात नाही. मागचा बारका शब्द त्याला ढकलतो. बसमध्ये चढायचं तर गेट ऑन, उतरायचं तर गेट ऑफ. मोटारीत शिरायचं तर गेट इन, निघायचं तर गेट आउट. कधी त्या बारक्याच्या मागं आणखी एक बारका. गो बॅक टू युअर सीट. कम अवे फ्रॉम द डोअर. कुठं जायचं आणि कुठून हटायचं, ते तिसरा शब्द सांगतो. आपण नुसतं ‘चढ’ म्हणतो, ‘उतर’ म्हणतो, दिशा त्यातच आली. त्यांना तुकडे जोडावे लागतात. मला ते अवघड गेलं नाही.

पण एक खुपलं. पोरांना सांगायच्या वाक्यात शेवटी जागा होती. युअर सीट. युअर क्लास. मॅडम मला जे म्हणायच्या त्यात जागा नसायची. गो आउट. कुठं, ते नाही.

ट्रेनिंग झालं हे पालकांना दाखवायचं म्हणून त्या दिवशी हॉलमध्ये उभी केली मला.

तिसऱ्यांदा बाहेर गेले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. असंच एक दार आठवलं. राधानगरीकडचं आमचं गाव, तिथली शाळा. गुरुजी मला म्हणायचे, “लांब हो.” “खाली बस.” आमचं घर बौद्ध झालं होतं, गुरुजींच्या लेखी काही बदललं नव्हतं. चौथीत एक दिवस ते म्हणाले, “बाहेर हो.” मी झाले. घरी गेले, ती परत शाळेत पाऊल टाकलं नाही. मला ‘आत ये’ म्हणायला कुणी आलं नाही. हे सगळं मराठीत झालं, शुद्ध मराठीत. त्यामुळं मायबोलीच्या प्रेमाचं मला कुणी सांगू नये. हाकलणाऱ्याला कुठलीही भाषा चालते.

“कम बॅक इन!” आतून हाक आली.

मी आत गेले. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, त्या मुलीच्या आईशेजारी. त्या खुर्चीवर बसले.

“मावशी, गो आउट. अजून एकदा. व्हिडिओ नीट आला नाही.”

“न्हाय जाणार.”

“इंग्लिशमध्ये बोला ना, मावशी.”

“इंग्लिशमधी सांगितलं म्हणून तीनदा गेले. आता बास.” मग मी शेजारी वळले. “ताई, त्या दिशी मी कार्ड काढून शब्द हुडकत बसले असते तर?”

ती मोबाइलमध्ये बघत राहिली. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “सोमवारी ऑफिसात या. राजीनाम्याचं बघू.”

सोमवारी मी ऑफिसात गेले नाही. बसवर गेले. ऑफिसात निरोप पाठवला की राजीनामा मी लिहिणार नाही. मला काढायचं असेल तर तुम्ही लिहा. मराठीत लिहा, का काढलं ते लिहा, खाली सही करा. चौथी शिकलेय. वाचता येतं. कागद वाचल्याशिवाय मी बसवरून खाली उतरणार नाही, कुणी कितीही गोड बोलो.

अजून कागद आलेला नाही. येईल, हेही मला माहीत आहे.

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या हॉलमध्ये दारातून आत-बाहेर केलेली बाई मीच.